बातमीवरून माणसाचा निकाल



 नाणेघाटात दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी शिलालेख कोरला, तेव्हापासून जुन्नर-आंबेगावचा हा मुलूख लिहिता आहे. विठाबाई नारायणगावकरांसारखी कलावंत इथली आणि महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनूही इथलेच. या मातीत उभं राहून बोलायचं म्हणजे जीभ जपून वापरावी लागते.

साहित्य संमेलनाच्या अध्यक्षानं मराठीची चिंता वाहावी, इंग्रजी शाळांवर कोरडे ओढावेत आणि सरकारपुढे चार मागण्या ठेवाव्यात, असा आपल्याकडे रिवाज आहे. त्या चिंता खऱ्या आहेत आणि त्या वाहणारे माझ्याहून जाणते लोक या सभागृहात आहेत. मी आज एकच प्रश्न घेऊन आलो आहे. ज्या माणसाला आपण कधी पाहिलं नाही, ज्याच्या गावाला आपले पाय लागले नाहीत, त्याच्याबद्दल केवळ बातमी वाचून निकाल देणं न्यायाचं आहे का?

हा प्रश्न इथं मांडण्याला कारण आहे. मुंबई-पुण्याचा वाचक बहुतेक वेळा बातमी वाचणाऱ्याच्या जागी असतो. आपण बातमीतल्या माणसाच्या जागी वारंवार बसलो आहोत. दरड कोसळली, बिबट्या आला, टोमॅटोला भाव आला, की दोन-चार दिवस सगळ्या महाराष्ट्राला आपली आठवण होते. तेवढ्या दिवसांत आपल्यावर निकालही लागतो. तो कसा लागतो हे आपण भोगलेलं आहे, म्हणून त्याबद्दल बोलायचा आपल्याला थोडा अधिक अधिकार आहे.

माळीणपासून सुरुवात करतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं हे गाव डोंगराच्या चिखलाखाली गेलं. एसटी घेऊन आलेल्या चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसेना आणि त्यानं दिलेल्या खबरीनंतर जगाला हे कळलं. १५१ माणसं गेली. त्यात बहुसंख्य महादेव कोळी समाजाची होती. शाळेची इमारत तेवढी वाचली. पुढचे काही दिवस देशभरातले कॅमेरे तिथं होते.

मृतदेह निघत होते तेव्हाच निकालही निघू लागले होते. आदिवासींनी डोंगर पोखरला, झाडं तोडली, यंत्रं लावून उतार सपाट केले, आणि डोंगर खाली आला, असं सांगणारे लोक टीव्हीवर बसले होते. त्यांच्या बोलण्यात पडकईचं नाव आलं. पडकई म्हणजे काय, हे इथं कुणाला समजावून सांगायला नको. डोंगरउतारावर उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून, एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबून, दगडांचे बांध घालायचे, माती अडवायची आणि भाताची खाचरं तयार करायची. वाहून जाणारी माती राखण्याची ही पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. डिंभे धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या आदिवासींसोबत काम करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तिच्या कामात पडकई होती. म्हणजे जी गोष्ट २०१२ मध्ये जगाला कौतुकाची वाटली, तीच दोन वर्षांत टीव्हीच्या पडद्यावर गुन्हा ठरली. मधल्या काळात माणसं बदलली नव्हती, बातमी बदलली होती.

यंत्रानं केलेल्या सपाटीकरणावर प्रश्न विचारूच नयेत, असं मी म्हणत नाही. ते विचारायलाच हवेत. तीव्र उतारावर यंत्र चालवायला मंजुरी कुणी दिली? उताराची, मातीची, पाण्याच्या निचऱ्याची पाहणी कुणी केली? त्या दिवसांत किती पाऊस पडत होता आणि त्याचा इशारा वरच्या वस्त्यांपर्यंत कुणी पोचवायचा होता? हे प्रश्न योजना आखणाऱ्याला आणि कार्यालयात बसणाऱ्याला विचारायचे असतात. निकाल मात्र ढिगाऱ्याखाली असलेल्या माणसांवर लागला. ती उत्तर द्यायला येणार नव्हती, हे त्या निकालाच्या सोयीचंच होतं.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. आमडे इथं वाचलेल्या माळीणकरांसाठी नवं गाव वसवलं गेलं आणि २ एप्रिल २०१७ रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते ती घरं लोकांच्या ताब्यात दिली गेली. त्याच वर्षी जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथले रस्ते खचले आणि भरावाला तडे गेले. एकदा डोंगर अंगावर घेतलेली माणसं पुन्हा जीव मुठीत धरून बसली. तेव्हा मत देण्याची, जाब विचारण्याची खरी गरज होती, कारण या वेळी समोर नकाशा होता, कंत्राट होतं, सही होती. २०१४ मध्ये तावातावानं बोलणारे किती जण २०१७ मध्ये बोलले? त्यांच्या लेखी माळीणची बातमी केव्हाच संपली होती.

आता बिबट्या. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर असे चार तालुके येतात. इथल्या बिबट्याची बातमी महाराष्ट्रभर दोन पद्धतींनी वाचली जाते. एक वाचक म्हणतो, ‘या लोकांनी जंगल खाल्लं, आता बिबट्याच्या नावानं रडतात.’ दुसरा म्हणतो, ‘वनखातं झोपलंय, दिसेल त्याला गोळ्या घाला.’ दोघांनाही उसाचं शेत ठाऊक नाही. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी इथं बारमाही पाणी आणलं. पाण्यामागे ऊस आला. उसात वर्षभर आडोसा, जवळ कालव्याचं पाणी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. बिबट्याला आणखी काय पाहिजे? त्याची पिल्लं उसात जन्मतात आणि उसातच मोठी होतात. शेतीपंपाला वीज पाळीनं येते. ज्या आठवड्यात ती रात्रीची असते, त्या आठवड्यात शेतकरी हौसेनं नव्हे, पाणी द्यायला म्हणून मध्यरात्री बॅटरी घेऊन उसात शिरतो. मेंढपाळाचं पाल उघड्यावर असतं. ऊसतोडणी कामगाराचं लेकरू कोपीत झोपतं. शहरातल्या वाचकाला ‘रात्री शेतात गेलेल्या’ एवढेच शब्द दिसतात आणि तो विचारतो, ‘हा रात्री तिथं गेलाच कशाला?’

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत तीन बळी गेले, त्यात दोन मुलं होती. लोकांचा संयम सुटला. वनखात्याची गाडी जाळली गेली, मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखला गेला. ज्यानं फक्त जळती गाडी आणि अडकलेल्या वाहनांची रांग पाहिली, त्यानं ‘झुंड’ म्हणून निकाल दिला. जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. कायद्यानं तिचा विचार करावा. पण त्या रस्त्यावर बसलेल्या प्रत्येक बाईला ‘झुंड’ म्हणणाऱ्यानं आधीचे ते तीन आठवडे वाचले होते का?

आणि असे झटपट निकाल फुकट पडत नाहीत. २००१ ते २००३ या काळात जुन्नरमध्ये बिबट्यांचे हल्ले वाढले. बातम्या आल्या, मागणी उठली, पिंजरे लागले. पिंजऱ्यात जो शिरेल तो दोषी, असा हिशेब झाला. पकडलेल्या बिबट्यांपैकी अनेकांना नेऊन दुसरीकडच्या जंगलात सोडलं गेलं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळाचा अभ्यास केला. त्यात दिसलं ते असं: त्याआधीच्या वर्षांत माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, ते बिबटे हलवण्याच्या काळात १७ वर गेले. अनोळखी मुलुखात सोडलेलं, बिथरलेलं जनावर अधिक धोक्याचं ठरलं. लोकांना दिलासा म्हणून जे केलं, त्यानं लोकांचाच धोका वाढला. घाईचा निकाल सगळ्यांत आधी निकाल मागणाऱ्यालाच भोवतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

उलट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी २०११ पासून अभ्यासक, नागरिक आणि पत्रकार यांना एकत्र बसवलं. बिबट्या दिसला म्हणजे हल्ला झाला असं नसतं, लहान मुलांना एकटं सोडू नये, कचरा आणि भटकी कुत्री यांचा बिबट्याशी काय संबंध आहे, हे पत्रकारांनी समजून घेतलं आणि मग लिहिलं. बातम्यांचा सूर बदलला. तिथं जे जमलं, ते जुन्नर-आंबेगावच्या पत्रकारांना जमणार नाही असं मी मानत नाही. तुम्ही तर या प्रश्नाच्या मधोमध राहता.

तिसरं उदाहरण जरा हसण्यासारखं आहे, पण हसू फार टिकत नाही. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचे भाव आकाशाला भिडले. नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या क्रेटला २,००० रुपयांच्या वर भाव गेला. जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबानं महिन्याभरात दीड कोटीच्या वर कमाई केली, ही बातमी देशभर फिरली. आनंदाचीच गोष्ट होती. त्या कुटुंबानं पिकावर मेहनत घेतली होती, पडत्या भावात पीक सोडलं नव्हतं. पण वाचकानं एका घरावरून सगळ्या तालुक्याची, मग सगळ्या शेतकरी जातीची पत मोजली. ‘यांना कर्जमाफी कशाला? यांच्यावर आयकर का नाही?’ दोन महिन्यांपूर्वी, मे महिन्यात, याच पट्ट्यात तोडणीची मजुरी निघेना म्हणून टोमॅटो बांधावर ओतले गेले होते. ज्यांनी कंटाळून बाग उपटली, त्यांच्याकडे जुलैत विकायला काहीच नव्हतं. ऑगस्टमध्ये सरकारनं नेपाळहून टोमॅटो आणले आणि शहरांत सवलतीच्या दरानं विकले. सप्टेंबरमध्ये भाव पुन्हा मातीत गेले. मे, जुलै आणि सप्टेंबर मिळून टोमॅटोच्या शेतकऱ्याचं एक वर्ष होतं. वाचकाच्या डोक्यात फक्त जुलै राहिला.

कौतुकाची बातमीसुद्धा अन्याय करते, हे मला इथं सांगायचं आहे. एका माणसाला डोक्यावर घेतलं की त्याच्यासारख्या हजारांना ‘मग तुम्हाला का जमलं नाही?’ असं विचारायला आपण मोकळे होतो. शिवाय एखाद्या घरात किती पैसा आला हे गावाच्या नावासकट छापणं त्या घराला सुखाचं असतं का, हाही विचार व्हावा.

मंडळी, हा काही मोबाइलच्या काळातला नवा रोग नाही. याच डोंगरांत त्याची जुनी पाळंमुळं आहेत. महादेव कोळ्यांवर इंग्रजीत पहिलं सविस्तर लेखन केलं ते कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश यानं. तो त्यांचं बंड मोडायला पाठवलेला अधिकारी होता. माहिती त्यानं कसोशीनं गोळा केली, यात वाद नाही. पण ज्याला पकडायचं आहे, त्याचं चरित्र पकडणाऱ्यानं लिहिलं, की ते कसं उतरणार? पुढे गॅझेटियरांनी त्यातून उचललं, आणि एका समाजाची ओळख दरोडे आणि बंडं यांच्या यादीत बसली.

जांभोरीच्या होनाजी केंगलेंचं घ्या. १८७० च्या दशकात त्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. सरकारी दप्तरात त्यांचं नाव दरोडेखोर म्हणून आहे. सावकारांची नाकं कापल्याच्या नोंदी आहेत, आणि त्या खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. पण नाक कापलं त्याची बातमी होते, खातेवहीत व्याजावर व्याज चढतं त्याची होत नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, दंगे पसरले, तेव्हा सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा करावा लागला. म्हणजे होनाजींचं दुखणं खरं होतं, हे सरकारनं कायद्यानं कबूल केलं. होनाजी त्याआधीच, १८७६ मध्ये, पकडले गेले होते. पुण्यात बसून त्या वेळी त्यांच्याबद्दल वाचणाऱ्याला ही खातेवही दिसली नव्हती.

इथवर मी तुमच्या मनासारखं बोललो. आपल्यावर अन्याय झाला हे ऐकायला कुणालाही आवडतं. पण गाडी इथंच थांबवली तर हे भाषण अर्धवट राहील. आपण जसे इतरांसाठी परके आहोत, तसे आपल्यासाठीही कुणी परके आहेत. त्यांच्याशी आपण कसं वागतो?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथं, बाजाराच्या दिवशी, पाच माणसांना ठेचून मारण्यात आलं. ते सोलापूर जिल्ह्यातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी होते. पिढ्यान् पिढ्या भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असा निरोप व्हॉट्सअॅपवर फिरत होता. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं गेलं आणि तिथंच मारलं गेलं. निरोप खोटा होता. मारणारे कुणी राक्षस नव्हते. ते आपल्यासारखे, आपल्या लेकरांना जपणारे आदिवासी शेतकरी होते, ज्यांच्यावर बाहेरच्यांनी आयुष्यभर संशय घेतला होता. ज्याच्यावर अन्याय झाला तो दुसऱ्यावर अन्याय करणार नाही, ही समजूत राईनपाड्यानं मोडून काढली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं झुंडीच्या हिंसेबद्दल सरकारांना निर्देश दिले आणि व्हॉट्सअॅपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा यंत्राला घातली गेली. ती मनाला कोण घालणार?

फिरस्त्यांवरच्या संशयाला कायद्याचा इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मालाच गुन्हा ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभर रद्द झाला. आपल्या बातम्यांतून आणि मनांतून तो अजून गेलेला नाही. कुठं चोरी झाली की पहिली नजर पालांकडे जाते. २००३ मधल्या एका भीषण गुन्ह्यात महाराष्ट्रातल्या भटक्या समाजाच्या सहा जणांना पकडण्यात आलं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी ठोठावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयानं आपला निर्णय फिरवला आणि सहाही जणांना निर्दोष सोडलं. गुन्ह्यातून वाचलेल्या साक्षीदारानं पोलिसांकडच्या छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्यांचा तपासच झाला नव्हता, हे निकालपत्रात नोंदलं गेलं. प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई द्यायला न्यायालयानं सरकारला सांगितलं. सोळा वर्षं तुरुंगात गेल्यावर. मालेगावच्या २००६ च्या बॉम्बस्फोटात प्रथम पकडलेल्या मुसलमान तरुणांना २०१६ मध्ये विशेष न्यायालयानं आरोपमुक्त केलं. ही दोन्ही प्रकरणं घडली तेव्हा वाचकांच्या मनात निकाल पहिल्या दिवशीच लागलेला होता.

देशाचं सर्वोच्च न्यायालय सगळे कागद, सगळ्या साक्षी, दोन्ही बाजूंचे वकील समोर असताना चुकतं, आणि चूक सुधारायला त्याला दहा वर्षं लागतात. मग चहाच्या घोटाबरोबर चार ओळी वाचून आपण दिलेल्या निकालाची किंमत किती धरायची?

यावर कुणी रास्त शंका काढील. म्हणेल, ‘अध्यक्षमहाराज, मग कुणाबद्दल काही बोलूच नये का? भ्रष्टाचाराची बातमी वाचून गप्प बसायचं? बलात्काराची बातमी वाचून, निकाल लागेपर्यंत आमचं काही मत नाही, असं म्हणायचं?’ नाही. मत असायलाच हवं. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढलं, ते लोकांनी गप्प बसावं म्हणून नव्हे. वृत्तपत्र नसेल तर माळीणची खबर डोंगरातच पुरली जाईल. बातमी वाचून संताप येणं हे माणूस जिवंत असल्याचं लक्षण आहे. प्रश्न एवढाच, की तो संताप कुणावर आणि किती.

माझ्यापुरती मी याची तीन मापं ठरवली आहेत. ती तुमच्यापुढे ठेवतो, पटली तर घ्या.

पहिलं माप कृत्याचं. बातमी कृत्य सांगते, आणि कृत्याबद्दल ठाम बोलायला हरकत नाही. गाडी जाळणं वाईट, मुलाला मारणं वाईट, लाच घेणं वाईट. कृत्यावरून करणाऱ्याच्या सगळ्या आयुष्यावर, त्याच्या जातीवर, त्याच्या गावावर उडी मारली, की आपण बातमीच्या पलीकडे गेलो. तिथं आपल्या हातात पुरावा नसतो, फक्त आपले जुने ग्रह असतात.

दुसरं माप सत्तेचं, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. बातमीतला माणूस जितका बलवान, तितका त्याला जाब विचारण्याचा आपला हक्क मोठा. मंत्री, अधिकारी, कारखान्याचा अध्यक्ष, संपादक यांच्याकडे उत्तर द्यायला माणसं आहेत, माध्यमं आहेत, वकील आहेत. त्यांनी खुर्ची घेतली तेव्हाच आपल्या प्रश्नांचं देणं पत्करलं. ज्याच्याकडे उत्तर द्यायला साधनच नाही, त्या पालातल्या बाईबद्दल, ढिगाऱ्याखालच्या कुटुंबाबद्दल बोलताना आपली सबुरी तितकीच मोठी हवी. आपण नेमकं उलटं करतो. मोठ्यांबद्दल ‘चौकशी होऊ द्या, सत्य बाहेर येईल’ म्हणतो आणि लहानांना त्याच दिवशी सुळावर चढवतो. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकखाली बाबू गेनू चिरडले गेले, तेव्हा सरकारची बाजू सांगत होती की तो अपघात होता. गिरणी कामगाराच्या शब्दाला सरकारी खुलाशापुढे वजन नव्हतं. मुंबईच्या लोकांनी तो खुलासा मानला नाही, रस्त्यावर उतरून आपलं मत दिलं. कुठं शंका घ्यावी आणि कुणाच्या बाजूनं घ्यावी, हे त्यांना कळलं होतं.

तिसरं माप वेळेचं. आजचं मत उद्या बदलायची तयारी असेल, तर आज मत द्यायला हरकत नाही. ज्याला आपण पहिल्या पानावरच्या बातमीवरून दोषी मानलं, तो सुटल्याची बातमी सातव्या पानावर शोधून वाचण्याचे कष्ट ज्याला नकोत, त्यानं पहिल्या दिवशीचा निकालही देऊ नये.

आता माझ्या पत्रकार मित्रांशी थोडं बोलतो. तालुक्याचा वार्ताहर किती तुटपुंज्या मानधनावर, किती दडपणाखाली काम करतो, जाहिरातीचं लक्ष्य त्याच्याच गळ्यात कसं असतं, हे मला ठाऊक आहे. तरी चार गोष्टी विनाखर्चाच्या आहेत. ताब्यात घेतलेला, आरोपी आणि दोषी यांतला फरक मथळ्यातसुद्धा पाळा. गुन्ह्याच्या बातमीत जातीचं नाव घालायचं तर ते का घालतो आहोत, हे आधी स्वतःला विचारा. ज्याची अटक छापली, त्याची सुटका तेवढ्याच जागेत छापा. आणि बातमीत एक वाक्य परिस्थितीचं घाला: रात्रीच्या विजेचं, उघड्या पालाचं, मे महिन्यातल्या भावाचं. त्या एका वाक्यानं दूरच्या वाचकाच्या दहा शंका मिटतात. जवळ राहण्याचा एवढा फायदा तर आपल्या वाचकाला मिळाला पाहिजे.

लेखकांकडून माझी अपेक्षा मोठी आहे. जे बातमीला जमत नाही, ते साहित्यानं करायचं असतं. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये आलं, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ मध्ये. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तोवर पोलीस-वार्तेत संशयित म्हणून येणारा माणूस या पुस्तकांत पहिल्यांदा ‘मी’ म्हणून बोलला. त्याला भूक होती, आई होती, शाळेची ओढ होती. ती पुस्तकं वाचल्यावर पालाकडे पाहण्याची मराठी वाचकाची नजर थोडी तरी बदलली. तसं लेखन या दोन तालुक्यांतून अजून पुरेसं आलेलं नाही. माळीणमधून वाचलेल्या पिढीनं आपली गोष्ट स्वतःच्या शब्दांत लिहावी. तमाशाच्या फडात बालपण गेलेल्या मुलींनी लिहावं. वनरक्षकानं लिहावं, कारण गावकऱ्यांच्या शिव्या आणि वरिष्ठांचे आदेश यांच्या मधोमध पिंजरा ओढणारा तो माणूसही बातमीत फक्त ‘वनखात्याचा हलगर्जीपणा’ एवढाच उरतो. बीड-परभणीकडून तोडणीला आलेल्या बाईचं आमच्या गावाबद्दल काय मत आहे, तेही कुणीतरी तिच्याकडून ऐकून लिहावं. आपल्याबद्दल तिनं दिलेला निकाल ऐकायची तयारी आपणही ठेवू या.

शेवटी वाचकांना एक विनंती. माझा प्रश्न होता, बातमीवरून परक्या माणसाचा निकाल देणं न्याय्य आहे का. माझं उत्तर स्वच्छ आहे: माणसाचा निकाल देणं न्याय्य नाही; सत्तेला जाब विचारणं न्याय्य आहे, आणि आवश्यकही. या दोन गोष्टींची गल्लत आपण थांबवली पाहिजे. यापुढे मुलं पळवणाऱ्या टोळीचा, चोरट्यांच्या वस्तीचा, अमक्या गावच्या माणसांचा निरोप तुमच्या फोनवर आला, तर तो पुढे पाठवण्याआधी पोलीस ठाण्याला किंवा त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला एक फोन करा. आणि आपल्या शिवारात उतरलेल्या पालावर संशयानं पाहण्याआधी तिथं जाऊन नाव, गाव विचारा, पाणी हवं का ते विचारा. विचारपूस केलेला माणूस परका राहत नाही.

हे संमेलन त्या कामाला लागेल, असा मला विश्वास आहे.